नेय्यारच्या डोहातील शिळा
(ओणम व श्रीनारायण गुरुजयंतीनिमित्त)

भाद्रपद शुद्ध द्वादशी ही वामनजयंतीची तिथी. केरळात मात्र कालगणना सौरमानाची असल्यामुळे तेथील पंचांगकर्ते तिथीपेक्षा नक्षत्राकडे अधिक पाहतात. सूर्य सिंह राशीत असताना, म्हणजे त्यांच्या चिंगम महिन्यात, श्रवण नक्षत्र आले की तिरुओणम आणि तेथून तिसऱ्या दिवशी शततारका, ज्या नक्षत्राला मलयाळी लोक चतयम म्हणतात. पुष्कळ वर्षी हे दोन्ही दिवस आपल्या गणेशोत्सवाच्या आसपासच पडतात. मग मुंबईत चेंबूर, नेरूळ, डोंबिवली अशा ठिकाणी एका बाजूला मोरयाचा गजर आणि दुसऱ्या बाजूला दारापुढे फुलांची रांगोळी, असे मोठे प्रसन्न दृश्य दिसते. ती रांगोळी बळीराजाच्या स्वागताची असते. कार्तिक शुद्ध प्रतिपदेला आपल्या मायबहिणी ज्याचे राज्य पुन्हा यावे म्हणून ओवाळतात, तोच हा बळी. आपण त्याला दिवाळीत आठवतो, मलयाळी माणूस ओणमला, एवढाच फरक.

शततारकेच्या दिवशी मात्र पिवळ्या पताका घेऊन निघणारी मिरवणूक कोणा पौराणिक राजाची नसते. ती असते एका कृश, मितभाषी संन्याशाची. त्यांचे नाव श्रीनारायण गुरू. महाराष्ट्रात राहणाऱ्या सहस्रावधी मलयाळी कुटुंबांच्या भिंतीवर ज्यांची तसबीर आहे, त्यांचे चरित्र शेजारी राहूनही आपल्याला फारसे ठाऊक नाही. म्हणून यंदा या पानावर आम्ही तेच सांगावयाचे योजिले आहे.

तिरुवनंतपुरमजवळच्या चेंपळंती या खेड्यात त्यांचा जन्म झाला. १८५६ हे जन्मवर्ष सामान्यतः मानले जाते. वडील माडन आशान हे शेतकरी व शिक्षक. आशान म्हणजे आचार्य. आईचे नाव कुट्टियम्मा. मुलाला घरात नाणू म्हणत. कुळ ईळव समाजाचे. आपल्या कोकणातील भंडारी बांधवांचा जसा माडाशी परंपरेने संबंध, तसाच या समाजाचा; माड काढणे, शेती, विणकाम आणि वैद्यकी हे त्यांचे व्यवसाय. यांतील वैद्यकी ध्यानात घेण्यासारखी आहे. वैद्यकीसाठी संस्कृत लागे, आणि म्हणून ज्यांना मंदिराच्या आवाराजवळून जाण्याचीही बंदी होती, त्यांच्याच कित्येक घरांत संस्कृत ग्रंथ वाचले जात होते. नाणूचा मामा कृष्णन वैद्य हा असाच जाणता. गीर्वाणवाणी कोणा एका वर्णाच्या ओसरीवर वाढली, असे समजणाऱ्या आमच्यासारख्या शास्त्रीमंडळींनी ही गोष्ट पदराला गाठ मारून ठेवावी.

त्या काळचे त्रावणकोर संस्थान श्रीपद्मनाभाच्या नावे चाले. राज्य देवाचे; परंतु देवाची बहुसंख्य लेकरे देवळाबाहेर. कोणी कोणापासून किती पावले दूर उभे राहावे याची मोजमापे ठरलेली होती. शाळा, कचेरी, काही रस्तेसुद्धा ईळवांना बंद होते, आणि त्यांच्याही खाली गणलेल्या पुलय, परय लोकांची स्थिती तर सांगवत नाही.

नाणू विशीच्या पुढे गेल्यावर कायंकुळमजवळ कुम्मंपिळ्ळी रामन पिळ्ळै आशान यांच्याकडे काव्य, नाटक, अलंकार, व्याकरण शिकला. राहणे वारणप्पळ्ळी नावाच्या सधन ईळव घराण्यात. पुढे आजारपणामुळे घरी परतून मुले शिकवू लागला आणि नाणू आशान झाला. घरच्यांनी लग्न लावून दिले, पण मन संसारात रमले नाही. चट्टंपी स्वामींचा स्नेह जुळला, तैक्काट्ट अय्यावू यांच्याकडून योगमार्ग कळला, आणि मग भ्रमंती सुरू झाली. कन्याकुमारीकडच्या मरुत्वामलै डोंगरावरील गुहेत त्यांनी पुष्कळ काळ तप केले. कोळ्यांच्या वस्तीत, मुसलमानांच्या घरी, जेथे मिळेल तेथे अन्न घ्यावे आणि पुढे चालावे. या वर्षांविषयी चमत्कार पुष्कळ सांगतात. ते आम्ही येथे सोडून देतो. कीर्तनात चमत्कार खपतात, पण या चरित्राला त्यांची गरज नाही.

१८८८ ची महाशिवरात्र. नेय्यार नदीच्या काठी अरुविप्पुरम हे रानातील स्थान. रात्री लोक जमले होते. गुरू नदीच्या डोहात उतरले, बुडी मारली आणि एक ओबडधोबड शिळा हातांत घेऊन वर आले. ती छातीशी धरून ते बराच वेळ ध्यानस्थ उभे राहिले, डोळ्यांतून अश्रू वाहत होते असे सांगतात, आणि मग त्यांनी ती काठावरच्या खडकावर शिवलिंग म्हणून स्थापिली. ना तांत्रिक आचार्य, ना यज्ञमंडप, ना घडीव पिंडी.

आज हा प्रसंग ऐकताना भक्तिभाव दाटून येतो, परंतु त्या दिवशी त्यात केवढे साहस होते ते आगमशास्त्र जाणणाऱ्यालाच कळेल. प्रतिष्ठेचा अधिकार कोणाला, शिळा कोणती, मुहूर्त कोणता, यांवर ग्रंथच्या ग्रंथ आहेत. अधिकार नसलेल्याने केलेली प्रतिष्ठा निष्फळ, असे त्यांत बजावलेले असते. अशी पृच्छा झालीच. तेव्हा गुरूंनी शांतपणे एवढेच सांगितले म्हणतात की, आपण स्थापिला तो ईळवांचा शिव आहे. या उत्तरातील थट्टा बोचरी आहे. ज्यांनी शिवालाही जात लावली होती, त्यांना त्यांच्याच भाषेत उत्तर मिळाले, आणि वाद घालायला जागा उरली नाही. लगोलग तेथे त्यांनी एक लेख कोरवून घेतला. त्याचा आशय असा की, जातिभेद आणि धर्मद्वेष सोडून सर्वांनी भावंडांप्रमाणे राहण्याचे हे एक आदर्श स्थान आहे. म्हणजे उत्तर ईळवांच्या शिवाचे आणि शिलालेख सर्वांचा. पुढील सगळे चरित्र या दोन गोष्टींच्या ओढाताणीत घडले आहे, असे आम्हांला वाटते.

अरुविप्पुरमला दर अमावास्येला पितरांच्या नावे अन्नदान होऊ लागले. ते चालविण्यासाठी एक लहानशी मंडळी जमली. पुढे तिचे देवस्थानाच्या मंडळात रूपांतर झाले आणि १९०३ साली तिच्यातूनच श्रीनारायण धर्म परिपालन योगम ही संस्था नोंदली गेली. देवळाच्या अन्नछत्रातून समाजाची संस्था उभी राहावी, ही आपल्या वारकरी फडांच्या परंपरेला सहज समजणारी गोष्ट आहे.

या संस्थेमागे एक परमुलखात गेलेला मलयाळी उभा होता. डॉ. पल्पू हे त्यांचे नाव. ईळव असल्यामुळे त्यांना त्रावणकोरात वैद्यकीय शिक्षणास प्रवेश मिळाला नाही. ते मद्रासला शिकून आले, तेव्हा संस्थानाने नोकरी नाकारली. म्हैसूर संस्थानाने मात्र त्यांना सामावून घेतले. १८९८ साली बंगळूरला प्लेगने थैमान घातले, तेव्हा ज्या हातांना मायभूमीने काम दिले नव्हते त्यांनीच परक्या शहराची सेवा केली. १८९६ मध्ये १३,१७६ सह्यांचा अर्ज पल्पूंनी त्रावणकोर दरबाराला सादर केला होता. मागणी एवढीच की, आमच्या मुलांना शाळा आणि नोकऱ्या खुल्या करा. त्याचा तत्काळ उपयोग झाला नाही. तेव्हा राजदरबारापेक्षा गुरूंच्या मागे समाज उभा करणे हाच मार्ग त्यांनी धरला. गुरूंचा तरुण शिष्य कुमारन याला संस्कृताध्ययनासाठी बंगळूरला ठेवून घेतले तेही पल्पूंनीच. हा शिष्य पुढे महाकवी कुमारन आशान म्हणून प्रसिद्धीस आला आणि संस्थेचा पहिला कार्यवाह झाला.

स्थापनेनंतर देवळे झपाट्याने उभी राहू लागली. १९०८ मध्ये तलश्शेरीला जगन्नाथ, १९१० मध्ये कोळिकोडला श्रीकंठेश्वर, १९१२ मध्ये वर्कल्याच्या शिवगिरीवर अष्टकोनी शारदामंदिर. त्याच १९१२ साली मंगळूरच्या कुद्रोळीला तुळूभाषी बिल्लव समाजाच्या विनंतीवरून त्यांनी गोकर्णनाथाची प्रतिष्ठा केली. हे देऊळ मलयाळी मुलखाच्या बाहेरचे, लोकांची भाषा निराळी, परंतु दुःख एकच. मुंबईच्या बिल्लव बांधवांतही गुरूंची भक्ती आहे, तिचा उगम या कुद्रोळीत आहे.

येथे वाचकांनी थोडे थांबावे. गुरूंनी पूर्वजांचा वारसा जपला, असे आज सर्रास म्हटले जाते. ते खरे, पण अर्धेच. ज्या लोकांना वेद, देऊळ आणि रस्ता तिन्ही बंद होते, त्यांचा वारसा तो कोणता? पशुबळी घेणारी, नैवेद्यात ताडी मागणारी ग्रामदैवते हा त्यांचाच वारसा होता. गुरूंनी ती हलवून तेथे शिव, सुब्रह्मण्य, शारदा बसविली. मुलींच्या लहानपणी थाटामाटाने ताळी बांधण्याचा एक विधी होता. त्यापायी घरे कर्जात बुडत. गुरूंनी तो बंद करविला. लग्नाचा खर्च आटोक्यात आणला. ताडी-दारूच्या धंद्यापासून समाजाने दूर व्हावे असे निक्षून सांगितले, आणि ज्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या तोच धंदा होता त्यांना हे किती कठीण गेले असेल याची कल्पना करावी. धान्य पाखडावे तसे त्यांनी परंपरेला पाखडले. पाखडून उरले ते भजन, संस्कृत, स्वच्छता, विद्या आणि संघटना. देवळांपेक्षा आता शाळा बांधा, हा त्यांचा पुढील काळातील आग्रह सर्वश्रुत आहे. माणूस घर सोडून दूर जातो तेव्हा हेच तेवढे बरोबर नेता येते. ग्रामदैवत गावीच राहते, शेत राहते, माडही राहतो.

या पाखडण्यात संस्कृताचे स्थान मोठे आहे. १९१३ साली आळुव्याला पेरियार नदीच्या काठी अद्वैताश्रम स्थापन झाला आणि तेथे जातीचा प्रश्न न विचारता संस्कृत शिकविले जाऊ लागले. आळुव्याहून फार दूर नसलेल्या कालडीला आद्य शंकराचार्य जन्मले. आचार्यांचे अद्वैत आणि गुरूंचे अद्वैत हे एकच. गुरूंनी त्यात नवे काही सिद्धान्तित केले असे आम्हांला वाटत नाही. त्यांनी त्याचा व्यवहारात अर्थ लावला, आणि हेच अधिक अवघड. दर्शनमाला हा त्यांचा संस्कृत ग्रंथ दहा प्रकरणांचा, प्रत्येकात दहा श्लोक. अध्यारोपापासून आरंभ करून निर्वाणापर्यंत नेणारा. शंभर श्लोकांत वेदान्ताची एवढी आटोपशीर मांडणी विरळाच. आत्मोपदेशशतक मात्र त्यांनी मलयाळममध्ये रचले. आपल्या ज्ञानोबामाउलींनी जे केले तेच. तत्त्वज्ञान मायबोलीच्या ओटीत घातले. तमिळमध्येही त्यांची रचना आहे. १९१४ मधील दैवदशक ही दहा कडव्यांची प्रार्थना तर घरोघरी म्हटली जाते. तिला कोणत्याही क्षेत्राची वा कुळदैवताची मर्यादा नाही, म्हणून ती कोठेही म्हणता येते.

ईळवांचा शिव की सर्वांचा, हा प्रश्न संस्थेला लवकरच भेडसावू लागला. ज्यांच्यासाठी दारे उघडली, त्यांतील काही जण आपल्याहून खालच्या समजल्या जाणाऱ्यांसाठी तीच दारे बंद करू पाहत होते. नव्या देवळांत पुलय बांधवांना येऊ द्यावे की नाही, यावर कुरबूर होई. गुरूंना याची चीड होती. शिवगिरीला त्यांनी पुलय, परय मुलांना आश्रय दिला, शिकविले, स्वयंपाकघरातही ठेवले. १९१६ साली त्यांनी दोन गोष्टी केल्या. आपण जातिधर्माचे बंधन सोडून वर्षे लोटली आहेत, कोणा एका वर्गाने आपल्याला त्याचा म्हणून समजू नये, असे जाहीर केले, आणि डॉ. पल्पूंना पत्र लिहून, संस्थेत जातीचा अभिमान वाढत आहे म्हणून आपण तिच्यापासून मनाने वेगळे झालो असे कळविले. स्वतःच्या नावाने चाललेल्या संस्थेला असे पत्र लिहिणारा महात्मा आम्हांला दुसरा आठवत नाही.

दोन वर्षांनी, १९१८ मध्ये, ते सिंहलद्वीपात गेले. तोवर ते शुभ्र वस्त्रात असत. या प्रवासात त्यांनी प्रथम भगवे धारण केले असे सांगतात. ईळव हे नाव ईळम, म्हणजे सिलोन, यावरून पडले आणि त्यांचे पूर्वज तिकडून माड घेऊन आले, अशी एक जुनी समजूत आहे. तिच्यात तथ्य असो वा नसो, पण विसाव्या शतकात पोटासाठी हेच लोक उलट वाटेने कोलंबोला गेले होते. बंदरात, गिरण्यांत, माडांवर ते राबत. गुरूंचे दर्शन त्यांना मोठा दिलासा देणारे ठरले, आणि त्यांच्या शिष्यांनी तेथील मजुरांत शिक्षणाचे व संघटनेचे काम चालविले. १९२६ मध्ये गुरू पुन्हा तेथे गेले. पुढे मंदीच्या काळात, १९३० च्या दशकात, कोलंबोत मलयाळी कामगारांविरुद्ध चळवळ उसळली आणि अनेकांना परतावे लागले. देव बरोबर नेला, भजन नेले, तरी परमुलखात घर आपोआप होत नाही.

१९२४ च्या मार्चमध्ये वैकमचा सत्याग्रह सुरू झाला. मागणी देऊळप्रवेशाचीही नव्हती, देवळाभोवतीच्या रस्त्यावरून चालू द्यावे एवढीच होती. त्याच रस्त्यावर खुद्द गुरूंचे वाहन पूर्वी अडविण्यात आले होते असे सांगतात. गुरूंनी वैकमजवळचा आपला मठ सत्याग्रहींच्या मुक्कामासाठी दिला, एक सहस्र रुपये दिले, आणि स्वतः येऊन गेले. त्याच १९२४ साली आळुव्याला त्यांनी सर्वधर्मपरिषद भरविली. वादात जय मिळविण्यासाठी नव्हे तर परस्परांना जाणण्यासाठी ती आहे, अशी पाटी तेथे होती. मार्च १९२५ मध्ये महात्मा गांधी शिवगिरीस आले. आंगणातील आंब्याची पाने जशी लहानमोठी, तशी माणसेही निसर्गतःच वेगवेगळी, असे गांधीजींनी सुचविले. त्यावर पाने चावून पाहिली तर रस एकच लागेल, असे गुरूंनी नम्रपणे दाखवून दिले, ही कथा केरळात प्रत्येक मुलाला ठाऊक असते. त्रावणकोरच्या राजाने सर्व हिंदूंना मंदिरे खुली केली ती १२ नोव्हेंबर १९३६ ला. आमच्या पंढरपुरात विठुरायाचे दार सर्वांना उघडावे म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये प्राण पणाला लावावे लागले. संतांच्या नगरीला त्रावणकोरच्या मागून अकरा वर्षांनी जाग आली, हे कीर्तनाच्या गादीवरून सांगताना आमची मान खाली जाते.

अखेरच्या वर्षांत गुरूंच्या प्रतिष्ठापना बदलत गेल्या. १९२१ मध्ये कारमुक्कु येथे मूर्तीऐवजी दीप ठेवला. १९२७ मध्ये कळवंकोडला गाभाऱ्यात आरसा बसविला. नदीच्या डोहातील शिळेपासून निघालेला हा प्रवास पाहणाऱ्याच्या स्वतःच्याच मुखापाशी येऊन थांबला. १९२८ च्या आरंभी कोट्टयमला शिवगिरीच्या यात्रेची कल्पना त्यांच्यापुढे मांडली गेली, तेव्हा त्यांनी ती मान्य केली, पण यात्रेकरूंनी महागडी वस्त्रे घेऊ नयेत, साधे पिवळे नेसावे आणि तेथे शिक्षण, स्वच्छता, ईश्वरभक्ती, संघटना, शेती, व्यापार, हस्तव्यवसाय व तांत्रिक शिक्षण या विषयांवर व्याख्याने ऐकावीत अशी अट घातली. यात्रा म्हणजे केवळ स्नान व दर्शन समजणाऱ्यांना हे चमत्कारिक वाटेल. २० सप्टेंबर १९२८ रोजी शिवगिरीला त्यांनी देह ठेवला.

गुरू गेल्यानंतर मलयाळी माणूस मुंबईत मोठ्या संख्येने आला. रेल्वे, कचेऱ्या, तुर्भ्याचे तेलशुद्धीकरण व खतांचे कारखाने, रुग्णालये अशा ठिकाणी तो चिकटला. १९६३ साली गुरुभक्तांनी श्रीनारायण मंदिर समिती स्थापन केली. चेंबूरला तिचे संकुल आहे, नेरूळला गुरुदेवगिरी आहे. वाचकांनी मनात आणावे की ही मंडळी आली तेव्हा वातावरण सदैव स्नेहाचे नव्हते; १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात दाक्षिणात्यांविरुद्ध मुंबईत मोठा रोष उसळला होता, उपाहारगृहांवर दगडही पडले. कोलंबोची पुनरावृत्ती व्हायला वेळ लागला नसता. ती झाली नाही याची कारणे अनेक असतील. त्यांतील एक आम्हांला समितीच्या शाळा-महाविद्यालयांत दिसते. गुरूंनी सांगितलेली शाळा त्यांनी बांधली आणि ती केवळ आपल्या मुलांसाठी ठेवली नाही. गुरूंच्या नावाच्या महाविद्यालयात मराठी, गुजराती, हिंदी बोलणारी मुले बसतात. तिकडे मलयाळी घरातील तिसऱ्या पिढीला कित्येकदा मलयाळम बोलता येते पण लिपी वाचता येत नाही, दैवदशक मात्र पाठ असते. आणि तीच मुले रस्त्यावर आपल्या मुलांशी अस्खलित मराठीत भांडतात. हे बळीराजाला आवडेल असे आमचे मत आहे.

एक शंका मात्र बोलून दाखवितो, कारण गुरूंनी स्वतःच ती १९१६ मध्ये बोलून दाखविली होती. परगावी एकत्र येणाऱ्या मंडळाला जातीचे कुंपण घालणे फार सोपे असते. आपल्याकडे नाही का ज्ञानोबा एकाच्या वाट्याला, तुकोबा दुसऱ्याच्या, चोखोबा तिसऱ्याच्या, अशी संतांची वाटणी झालेली? गुरूंची मिरवणूक ही ईळवांचीच असे शेजारी नायर, नंबुद्री वा मराठी माणूस समजत असेल, तर दोष केवळ मिरवणूक काढणाऱ्यांचा नाही. तिच्यात सामील होण्यास आपल्याला कोणी अडविलेले नाही.

गणेशोत्सवापुरती एक गोष्ट सांगावीशी वाटते. गुरूंनी संस्कृतात एक विनायकाष्टक रचले आहे. त्याचे वृत्त भुजंगप्रयात, म्हणजे ज्या वृत्तात समर्थांचे मनाचे श्लोक आहेत तेच. काही वर्षांपासून आम्ही ते पूर्वरंगाच्या आधी मंगलाचरणात घेतो. चाल मनाच्या श्लोकांचीच लावतो, त्यामुळे दुसऱ्या श्लोकापासून श्रोते टाळी धरतात, आणि कीर्तन संपल्यावर कोणीतरी हटकून विचारतो की, बुवा, हे अष्टक आपल्याकडच्या कोणत्या सत्पुरुषाचे?